गहू, हॉप आणि मक्तेदारी

उंच काचेच्या पेल्यात ही बिअर ओतली की प्रथम नजरेत भरतो तो तिचा गढूळपणा. रंग फिकट, वाळल्या गवताच्या काडीसारखा. वर दाट, पांढरा, सहजासहजी न विरणारा फेस. मोठ्या कारखान्यांतून निघणाऱ्या बिअरची सोनेरी पारदर्शकता येथे नाही. परंतु तिचा अभाव हा दोषही नाही. हा गढूळपणा आणि हा फेस ही मुख्यतः गव्हातील प्रथिनांची देणगी आहे. पेला नाकाजवळ नेला म्हणजे संत्र्याच्या सालीचा वास येतो, त्यामागून धन्यांचा, आणि मग पपनस सोलताना उडणाऱ्या तुषारांची आठवण करून देणारा एक तीव्र गंध. पहिला घोट मऊ लागतो. पावाच्या गाभ्यासारखी गव्हाची चव जिभेवर पसरते. चाखणारा निर्धास्त होतो न होतो तोच कडवटपणा पुढे येतो, घोट गिळून झाल्यावरही रेंगाळतो आणि तोंड कोरडे करून दुसरा घोट मागतो.

या प्रकाराला 'व्हाइट आयपीए' असे नाव पडले आहे. दोन अगदी भिन्न परंपरांच्या संकरातून तो जन्मला. त्यांपैकी एक परंपरा बेल्जियममधील 'विटबिअर' म्हणजे पांढऱ्या बिअरची. तीत जवाच्या माल्टबरोबर जवळजवळ निम्मा, मोड न आणलेला गहू वापरतात आणि धने व संत्र्याची साल घालून ती सौम्य, सुगंधी ठेवतात. दुसरी परंपरा 'इंडिया पेल एल'ची, म्हणजे आयपीएची. तिचा सारा जोर हॉपवर. हॉप ही एक वेल आहे. तिची शंकूच्या आकाराची फुले उकळत्या रसात टाकली म्हणजे बिअरला कडवटपणा येतो आणि ती लवकर नासत नाही. कडवटपणा मोजण्याच्या प्रचलित एककात विटबिअर आठ ते वीस या मर्यादेत असते. व्हाइट आयपीएची मर्यादा चाळीस ते सत्तर अशी धरली जाते. या आकड्यांवरूनच संसार किती अवघड आहे याची कल्पना यावी. गव्हाच्या बिअरमधील किण्व लवंगेसारखा मसालेदार वास निर्माण करते. त्यावर हॉपचा कडवटपणा बेतालपणे चढविला तर दोन्ही एकमेकांचे गळे धरतात आणि उरतो तो केवळ उग्रपणा. कसबी कारागीर म्हणून लिंबूवर्गीय गंधाचे हॉप निवडतो. धन्यांच्या वासाचा मुख्य घटक लिनॅलूल हे द्रव्य आहे आणि तेच द्रव्य हॉपच्या तेलातही सापडते. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन घराण्यांत मुळातच एक सोयरीक होती. तिचा शोध मात्र कोणीतरी घ्यावा लागला.

गुढीपाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला गुळाबरोबर वाटून खाणाऱ्या महाराष्ट्राला कडू आणि गोड यांच्या मिश्रणाचे नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटेल ते निराळ्याच गोष्टीचे. मद्याच्या चवीची अशी साग्रसंगीत चर्चा करावी काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या महाराष्ट्राने पाहिली आहेत. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी आली ती लोकांच्या आंदोलनामुळे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे या बिअरची शिफारस करण्याचा येथे हेतू नाही. परंतु जी वस्तू कोट्यवधी माणसे पितात, जिच्यावर राज्यांच्या तिजोऱ्या पोसल्या जातात आणि जिच्या व्यापाराने एका साम्राज्याची जहाजे भरली, तिच्याकडे केवळ नीतीच्या चष्म्यातून पाहणे अपुरे ठरेल. या एका पेल्यात शुद्धता, मिश्रण आणि मालकी हे तीन प्रश्न एकत्र आले आहेत आणि तिन्ही प्रश्न पेल्याबाहेरचेही आहेत.

शुद्धतेचा कायदा कोणासाठी?

बिअरच्या जगात शुद्धतेचा दाखला म्हणून एका फर्मानाचे नाव नेहमी घेतले जाते. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी इंगोलश्टाट येथे असा हुकूम काढला की, बिअर बनविण्यासाठी जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही वापरू नये. जाहिरातींतून या हुकमाचे वर्णन ग्राहकहिताचा आद्य कायदा असे केले जाते. त्याच हुकमात बिअरचे दरही बांधून दिले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. गव्हाला वगळण्यामागे, तो पावासाठी राखून ठेवावा, हा विचार होता असे सामान्यतः मानले जाते. दुष्काळाच्या भीतीने ग्रासलेल्या त्या काळात हा विचार गैर म्हणता येणार नाही.

परंतु पुढे काय घडले हे पाहिले पाहिजे. सर्वसामान्यांना गव्हाची बिअर बनविण्यास बंदी असतानाच १५४८ साली डेगेनबेर्ग या सरदार घराण्याला ती बनविण्याचा खास परवाना मिळाला. १६०२ साली त्या घराण्याचा वंश खुंटला, तेव्हा तो हक्क बव्हेरियाचा ड्यूक पहिला मॅक्सिमिलियन याने स्वतःकडे घेतला आणि गव्हाच्या बिअरचे सरकारी कारखाने उभारले. केलहाइम येथील कारखाना १६०७ सालचा. ज्या धान्याने प्रजेची बिअर अशुद्ध होत होती, तेच धान्य राजाच्या कारखान्यात जाताच शुद्ध झाले आणि तिजोरी भरू लागले. ही मक्तेदारी इतकी टिकाऊ निघाली की, गेओर्ग श्नायडर नावाच्या एका सामान्य बिअरवाल्याला गव्हाची बिअर बनविण्याचा हक्क मिळविण्यासाठी १८७२ साल उजाडावे लागले.

शुद्धतेच्या कायद्याने जर्मनीतील बिअरचा दर्जा राखला, असे त्याचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. भेसळीला आळा बसला, कारागिरीला शिस्त लागली. तथापि त्याच कायद्याच्या बळावर परदेशी बिअरला जर्मनीची दारे बंद ठेवली जात होती, हेही खरे. १९८७ साली युरोपीय न्यायालयाने तो व्यापारातील अडथळा ठरविला. शुद्धतेची व्याख्या करण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती बहुधा तिजोरीचीही किल्ली असते. 'शुद्ध' आणि 'भ्रष्ट' या शब्दांच्या आधारे माणसांची पायरी ठरविलेल्या समाजात वाढलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

बेल्जियमच्या शेतकऱ्यांना हा कायदा लागू नव्हता. ब्रसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचे एक गाव आहे. तेथे शतकानुशतके गहू, धने आणि संत्र्याची साल घालून पांढरी बिअर बनत होती. विसाव्या शतकाच्या मध्यास कारखानी लागरच्या लाटेत गावातील एकेक ब्रुअरी बंद पडत गेली आणि १९५० च्या दशकात अखेरचीही बंद झाली. ही चव जगातून नाहीशी व्हायची ती वाचली एका दूधवाल्यामुळे. पिएर सेलिस याने तरुणपणी गावातल्या ब्रुअरीत हाताखालचे काम केले होते. ती आठवण आणि गावातल्या जुन्या माणसांची जीभ, एवढ्या भांडवलावर त्याने १९६० च्या दशकाच्या मध्यास पांढरी बिअर पुन्हा सुरू केली. आज जगात जेथे जेथे विटबिअर बनते तेथे तेथे त्या दूधवाल्याचे ऋण आहे.

'इंडिया' या नावातला भारत

दुसऱ्या घराण्याची कथा समुद्रावरची आहे. आयपीएच्या नावात 'इंडिया' आहे, पण ती भारतात बनली नाही आणि भारतीयांसाठीही बनली नाही. ती भारतात राज्य करायला आलेल्यांसाठी होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेस बो येथे जॉर्ज हॉजसन याची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी तेथून जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी व्यापार करण्याची मुभा असे आणि हॉजसन त्यांना दीर्घ मुदतीच्या उधारीवर माल देई. त्याची भरपूर हॉप घातलेली बिअर पिंपांतून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून कित्येक महिन्यांनी मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या बंदरांत उतरे. प्रवासातील उष्णतेने आणि हेलकाव्यांनी ती नासण्याऐवजी मुरत असे.

या बिअरविषयी एक दंतकथा प्रचलित आहे: हिंदुस्थानातील तहानलेल्या गोऱ्या शिपायांसाठी कोणा कल्पक माणसाने ती मुद्दाम शोधून काढली, अशी. इतिहास तितका साधा नाही. उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप अधिक घालावे हे तेथील कारागिरांना आधीपासूनच ठाऊक होते. शिवाय बराकीतला सामान्य शिपाई पीत असे ती मुख्यतः काळी, स्वस्त पोर्टर. फिकट, महागडी पेल एल ही गोऱ्या अधिकाऱ्यांच्या, मुलकी साहेबांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मेजावर शोभत असे. साम्राज्य एकच असले, तरी त्याच्या पेल्यांतही वर्ग होते. त्या शिपायांच्या वाट्याला आलेल्या दुःखाचा एक शब्द मात्र महाराष्ट्राने इंग्रजीला दिला. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणारे शिपाई जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने कित्येकांची डोकी फिरत. त्यावरून डोके फिरलेल्याला इंग्रजीत 'डूलाली' म्हणण्याचा प्रघात पडला. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या एका छोट्या ब्रुअरीने आपल्यासाठी हेच नाव निवडले. इतिहासाची अशी उलटी फेरीही कधी कधी होते.

हॉजसनच्या व्यापाराचा शेवट बोधप्रद आहे. १८२० च्या सुमारास त्याच्या वारसांना एवढ्या नफ्याने समाधान होईना. त्यांनी उधारी आवळली, भाव चढविले आणि मधल्या कप्तानांना बाजूस सारून माल स्वतःच हिंदुस्थानात नेऊन विकण्याचा उद्योग आरंभिला. कंपनीचे लोक बिथरले. कंपनीच्या संचालकांपैकी एक, कॅम्बेल मार्जोरिबँक्स, याने बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉपला गाठले आणि हॉजसनसारखी बिअर बनविण्यास सांगितले. बर्टनचा रशियाशी चालणारा व्यापार नव्या जकातींमुळे बसला होता. ऑलसॉपलाही नव्या बाजारपेठेची निकड होती. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे तेथील बिअर अधिक स्वच्छ आणि तिचा कडवटपणा अधिक खणखणीत निघाला. ऑलसॉप आणि त्यामागोमाग बास यांनी काही वर्षांतच हॉजसनचे वर्चस्व मोडून काढले. साऱ्या बाजारपेठेवर एकट्याने ताबा मिळविण्याच्या हव्यासात हॉजसनच्या वारसांनी होता तो ताबाही घालविला.

दोन वाटांचा संगम

ही दोन घराणी परस्परांना भेटली ती अमेरिकेत, आणि ही भेट घडून येण्यास एक अरिष्ट कारणीभूत झाले. १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीने अमेरिकेतील छोट्या, गावोगावच्या ब्रुअऱ्यांचे कंबरडे मोडले. बंदी उठल्यावर ज्यांच्यापाशी भांडवल होते ते बडे कारखानदार उभे राहिले आणि त्यांनी उरलेल्यांना गिळले. १९७० च्या दशकाअखेर त्या अवाढव्य देशात शंभराहूनही कमी ब्रुअऱ्या उरल्या होत्या, आणि बहुतेक एकाच चवीची पातळ बिअर विकत होत्या. दारूबंदीचा आग्रह धरणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे असे हे उदाहरण आहे: त्या बंदीने पिणे थांबले नाही, संपला तो छोटा उत्पादक.

या एकसुरी चवीविरुद्ध जे बंड झाले त्याचा आरंभ सॅन फ्रान्सिस्कोतील 'अँकर' या बुडत्या ब्रुअरीपासून धरला जातो. फ्रिट्झ मेटॅग याने १९६५ साली ती ताब्यात घेतली. १९७५ साली तिने 'लिबर्टी एल' ही हॉपच्या सुगंधाने भरलेली बिअर काढली, आणि १९८४ साली गव्हाची बिअर. अमेरिकेत पुढे जी लाट आली तिच्या दोन्ही धारा अशा एकाच छपराखालून वाहिल्या. १९७८ साली घरी बिअर बनविण्यास केंद्रीय कायद्याने परवानगी मिळाली आणि स्वयंपाकघरांत, गॅरेजांत शिकलेल्या हौशी लोकांनी छोट्या ब्रुअऱ्या उघडल्या. २०२३ साली त्या देशातील ब्रुअऱ्यांची संख्या नऊ हजारांवर गेली होती.

येथे एका गोष्टीचा आवर्जून उल्लेख केला पाहिजे, कारण यशोगाथांत ती हटकून गाळली जाते. 'लिबर्टी एल'चा तो पपनसासारखा सुगंध ज्या 'कॅस्केड' हॉपचा होता, तो कोणा खासगी कंपनीने निर्माण केलेला नव्हता. अमेरिकेचे कृषी खाते आणि ऑरेगॉन राज्याचे विद्यापीठ यांच्या संशोधनातून, लोकांच्या पैशावर, अनेक वर्षांच्या कष्टांनी तो वाण तयार झाला आणि १९७२ साली शेतकऱ्यांना खुला करण्यात आला. ज्याला लावायचा त्याने लावावा, ज्याला वापरायचा त्याने वापरावा. खासगी उपक्रमशीलतेचा विजय म्हणून ज्या चळवळीचा गौरव होतो, तिचा मूळ सुगंध सार्वजनिक क्षेत्राने दिलेला आहे.

गहू आणि हॉप यांना एकत्र आणण्याचे दोन ठळक प्रयत्न पुढे झाले. २००७ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचा गॅरेट ऑलिव्हर आणि बव्हेरियातील श्नायडर ब्रुअरीचा हान्स-पेटर ड्रेक्सलर यांनी एकमेकांच्या कारखान्यात जाऊन भरपूर हॉप घातलेली गव्हाची तीव्र बिअर बनविली. श्नायडर ब्रुअरी आज केलहाइमला आहे, ड्यूकच्या मक्तेदारीसाठी १६०७ साली उभारलेल्या त्याच जागी. जेथे गव्हावर राजाचा शिक्का होता, तेथे एका अमेरिकी पाहुण्याने गव्हात मनसोक्त हॉप मिसळले. ती बिअर आयपीए नव्हती; पण वाट तीच होती.

त्यानंतर २०१०-११ च्या सुमारास कॅन्सस सिटीची 'बुलेव्हार्ड' आणि ऑरेगॉन राज्यातील बेंड गावची 'डेशूट्स' या दोन ब्रुअऱ्यांनी मिळून व्हाइट आयपीए सिद्ध केली. बुलेव्हार्डचा मुख्य कारागीर स्टीव्हन पॉवेल्स हा जन्माने बेल्जियन. पांढऱ्या बिअरचा संस्कार त्याच्या अंगचा. डेशूट्सचा प्रांत हॉपवाल्यांचा. धने आणि संत्र्याची साल यांच्या जोडीला त्यांनी तीत सेजची पाने आणि चक्क गवती चहाही घातला. डेशूट्सने आपल्या बिअरला दिलेल्या नावाचा अर्थच 'संगम' असा होता. पुढे २०१२ साली डेशूट्सने स्वतःची व्हाइट आयपीए काढली, तिचे नाव 'चेनब्रेकर'. वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच गुलामीचे साखळदंड उभे राहतील. परंतु ते नाव तेथील डोंगराळ रस्त्यांवरच्या सायकल-शर्यतीवरून घेतलेले आहे. साखळी तुटते ती सायकलची.

या सहकार्यात एक गोष्ट महत्त्वाची होती. दोन उत्पादक एकमेकांचे स्पर्धक असूनही त्यांनी आपले ज्ञान परस्परांपुढे उघडे केले. कोणी कोणाला विकत घेतले नाही, कोणी कोणाची कृती चोरली नाही. एकाच कृतीची बिअर दोघांनी आपापल्या कारखान्यात बनवून आपापल्या नावाने विकली. भांडवलशाही स्पर्धेवाचून नवनिर्मिती होत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे छोटेसे उत्तर आहे.

संगमानंतर काय?

परंतु येथेच थांबले तर चित्र अर्धेच राहील. २०१३ साली बुलेव्हार्ड ब्रुअरी बेल्जियमच्या डुव्हेल मोर्टगाट कंपनीने विकत घेतली. खुल्या कॅस्केडची जागा हळूहळू 'सिट्रा'सारख्या वाणांनी घेतली. हे वाण खासगी कंपन्यांच्या मालकीचे असून त्यांची लागवड मालकाच्या परवानगीनेच करता येते. १५४८ साली गहू एका घराण्याच्या परवान्याखाली होता. आता सुगंध कंपन्यांच्या परवान्याखाली आला आहे. शिक्का बदलला, वृत्ती तीच.

हूगार्डनच्या दूधवाल्याचे पुढे काय झाले? १९८५ साली त्याच्या ब्रुअरीला आग लागली. पुनर्बांधणीसाठी एका बड्या कंपनीने पैसा पुरविला आणि त्या पैशाबरोबर तिची सत्ताही आली. मतभेद झाले, सेलिस बाहेर पडला आणि १९९२ साली टेक्ससमधील ऑस्टिन येथे जाऊन त्याने पुन्हा नव्याने आरंभ केला. तेथेही मिलर या प्रचंड कंपनीने १९९५ साली भागीदारी मिळविली आणि काही वर्षांत ब्रुअरी बंद झाली. दरम्यान हूगार्डनची मालक कंपनी विलीनीकरणे करीत करीत 'इनबेव्ह' झाली होती. तिने २००५ साली गावातली ब्रुअरी बंद करून उत्पादन जुपिल येथील मोठ्या कारखान्यात हलविण्याचे जाहीर केले. गाव खवळले. कामगारांनी आणि गावकऱ्यांनी निदर्शने केली. अखेर २००७ साली कंपनीने निर्णय मागे घेतला. जुपिलमध्ये तीच चव उतरत नव्हती, हेही त्याचे एक कारण होते. हिशेबाच्या वहीत गाव हा केवळ खर्चाचा एक आकडा असतो. चवीला मात्र गाव ओळखू येतो.

अँकरची अखेर इतकी सुखाची झाली नाही. २०१७ साली ती जपानच्या सप्पोरो कंपनीकडे गेली. २०१९ साली तेथील कामगारांनी गोदी कामगारांच्या प्रसिद्ध संघटनेत सामील होऊन आपली युनियन स्थापन केली आणि त्याच वर्षी करारही मिळविला. छोट्या ब्रुअऱ्यांच्या जगात ही अपूर्व घटना होती. कारण 'आम्ही सारे एक कुटुंब' या गोड भाषेखाली तेथे कमी पगार झाकला जातो, अशी कामगारांची तक्रार होती. २०२३ च्या जुलैमध्ये कंपनीने ब्रुअरी बंद करण्याचे जाहीर केले. कामगारांनी ती स्वतः विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालविण्याची तयारी दाखविली. ते जमले नाही. २०२४ साली ती एका उद्योगपतीने घेतली.

कामगारांच्या हाती मालकी आली की सारे प्रश्न मिटतात, असा भाबडा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कोलोरॅडोतील 'न्यू बेल्जियम' ही मोठी ब्रुअरी २०१२ च्या अखेरीपासून संपूर्णपणे कर्मचाऱ्यांच्या मालकीची होती. २०१९ साली ती किरिन या जपानी कंपनीच्या गटाला विकण्यास त्याच कर्मचाऱ्यांनी मताने संमती दिली. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण भागधारक म्हणून हाती येणारी रक्कम एका पारड्यात आणि एकट्याने बड्या कंपन्यांशी टक्कर देण्याची अनिश्चितता दुसऱ्या पारड्यात असताना सामान्य माणूस काय करील? सहकार एका कारखान्याच्या चार भिंतींत एकाकी टिकत नाही. त्याला कर्ज देणारी संस्था लागते, कायद्याचा आधार लागतो, शेजारी दुसरे सहकार लागतात. मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जच्या कामगारांनी १९८८ साली बंद कारखाना सहकारी मालकीत घेतला, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले होते.

आणि या साऱ्या चर्चेत जो कधीच येत नाही तो हॉप खुडणारा मजूर. कॅलिफोर्नियात व्हीटलंड नावाचे गाव आहे. त्या नावाचा अर्थ 'गव्हाची भूमी'. तेथील हॉपच्या मळ्यावर १९१३ च्या ऑगस्टमध्ये अडीच हजारांहून अधिक स्त्री-पुरुष, मुले कामासाठी जमली होती. कामापेक्षा माणसे जास्त जमतील अशी जाहिरात मळेवाल्याने मुद्दाम केली होती. भाजून काढणारे ऊन, पिण्याच्या पाण्याचे हाल, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके संडास. मजुरांनी सभा घेतली, पोलीस आले, गोळ्या सुटल्या आणि दोन्ही बाजूंचे मिळून चार जण मेले. अमेरिकेतील शेतमजुरांच्या लढ्याचे ते एक आरंभीचे पान आहे. पेल्यातील गव्हाच्या मऊपणाचे आणि हॉपच्या कडवटपणाचे रसभरीत वर्णन करणारा ग्राहक त्या गावाचे नाव क्वचितच जाणतो.

मिश्रण हा ऱ्हास आहे आणि शुद्धता हे रक्षण आहे, ही समजूत बिअरच्या इतिहासात टिकत नाही. हूगार्डनच्या शेतकऱ्याने धने मिसळले, बर्टनने हॉजसनची नक्कल करून ती सुधारली, केलहाइमने ब्रुकलिनचे हॉप घेतले आणि प्रत्येक मिश्रणातून नवे काही जन्मले. घात झाला तो मक्तेदारीने. धान्याची, बंदराची, वाणाची की कारखान्याची, एवढाच काय तो फरक. म्हणून मागण्या करायच्या त्या मालकीविषयी. लोकांच्या पैशाने तयार झालेले वाण लोकांसाठी खुले राहिले पाहिजेत. छोट्या ब्रुअरीचे चित्र छापून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर तिच्या खऱ्या मालक कंपनीचे नाव ठळकपणे असले पाहिजे. कोणताही कारखाना बंद करण्यापूर्वी तो चालविण्यास घेण्याचा पहिला हक्क त्यातील कामगारांना मिळाला पाहिजे, आणि तो हक्क बजावता येईल एवढे कर्जही. यांपैकी एकही मागणी केवळ बिअरपुरती नाही.

फेस विरत आला की पेल्याच्या तळाशी किण्वाचा गाळ दिसू लागतो. पारदर्शक बिअर बनविणारे कारखाने तो गाळून टाकतात, म्हणजे बिअर कशी झाली याची खूणच राहत नाही. या गढूळ पेल्यात ती खूण राहते. जो पितो त्याने तिच्याकडे पाहावे, आणि जो पीत नाही त्यानेही.